बोटीवरचं घर आणि डब्यातले जुने मोबाईल

शिडाखालची

मी मूळची सोलापूरची. नवरा व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होता. नोकरी सोडल्यावर आम्ही ३६ फुटांची शिडाची बोट घेतली आणि आता तेच आमचं घर. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की बोट मलेशियातल्या लंकावी बेटावरच्या यार्डात पाण्याबाहेर काढून ठेवतो आणि मी जुळे सोलापूरला आईकडे येते.

यंदा माळा आवरायला काढला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांचा नोकिया ११००, माझा कॉलेजातला ३३१५, भावाने हट्टाने घेतलेला ६६०० आणि ५०१ रुपयांच्या योजनेतला रिलायन्सचा फोन निघाला. सगळ्यांचे चार्जरही आहेत, जाड पिनचे आणि बारीक पिनचे.

माझं ठाम मत आहे की बोटीवर राहणाऱ्याला ११०० आजच्या कुठल्याही फोनपेक्षा जास्त उपयोगी पडेल. बॅटरी काढता-घालता येते, ओल्या बोटांनी बटणं दाबता येतात, टॉर्च आहे, हातातून पडला तरी जीव जात नाही. टचस्क्रीनवर खाऱ्या पाण्याचे चार थेंब पडले की ती आपल्या मनाने वाटेल तिथे फोन लावते.

दुसरी गोष्ट आईची. बाबा टॉवेलच्या कारखान्यात विक्रीचं काम बघायचे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जायचे आणि दादरला उतरले की घरी दोन रिंगा देऊन बंद करायचे. दोन रिंगा आल्या की बाबा पोहोचले. उचलायचा नाही, पैसे पडतात. आई आता ७८ वर्षांची आहे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा लागला की आम्ही लंकावीहून श्रीलंकेत गालला आणि तिथून कोचीला जाणार आहोत. लंकावी ते गाल साधारण बाराशे सागरी मैल, म्हणजे आमच्या बोटीच्या वेगाने दहा-बारा दिवस. किनारा दिसेनासा झाला की नेटवर्क संपतं.

तर दोन प्रश्न. साधा बटणांचा फोन बोटीवर न्यावा का? आणि त्या दहा-बारा दिवसांत आईच्या हाती काय द्यावं? बरोबर तुमच्या जुन्या मोबाईलच्या आठवणीही लिहा, मला मनापासून वाचायच्या आहेत.

नवीपेठकर

ताई, बाकीचं नंतर. डब्यातल्या बॅटऱ्या चार्जिंगला लावू नका! इतकी वर्षं पडून राहिलेली लिथियमची बॅटरी पार उतरलेली असते आणि आतून खराब होते. बॅटरी काढा, सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा. गरगर फिरली तर फुगली आहे असं समजा. दुकानात आम्ही आजही हेच करतो. फुगलेली कचरागाडीत टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

११०० ला बीएल-५सी बॅटरी लागते. ती नवीन मिळते, कारण छोटे रेडिओ आणि स्पीकर आजही तीच वापरतात. रिलायन्सचा फोन मात्र आठवण म्हणूनच ठेवा. तो सीडीएमए नावाच्या वेगळ्या पद्धतीचा, त्याचं नेटवर्कच आता नाही.

पार्क चौक

वा, काय दिवस काढलेत! देशातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला होता. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी ५०१ रुपयांची योजना आली. आमच्या गल्लीत त्या एका पावसाळ्यात घरटी मोबाईल झाला.

दोन रिंगांची भाषा आमच्याकडेही होती. एक रिंग म्हणजे खाली ये, दोन म्हणजे निघालो, तीन म्हणजे खरंच बोलायचंय, उचल.

कडक भाकरी

आमच्या घरी एक रिंग म्हणजे 'दूध आण' होतं. मित्रांची एक रिंग म्हणजे 'क्रिकेटला ये'. वडील गल्लीत उभे राहून बघायचे की पोरगं पिशवी घेऊन निघालं की बॅट.

अवांतर: शिडाखालची, बोटीवर पाण्याचं काय करता?

अशोक चौक

माझे वडील यंत्रमागावर होते. आम्ही तेलुगू घरातले, घरी तेलुगू आणि कारखान्यात मराठी. मागाच्या खडखडाटात कुठलीच रिंग ऐकू येत नाही, म्हणून फोन व्हायब्रेटवर ठेवून बनियनच्या खिशात. थरथरला की माग थांबवून बाहेर जायचं. कारखान्यात सुताचा तंतू सगळीकडे उडतो. दुसरे फोन चार महिन्यांत बटणं दाबेनात, ११०० मात्र टिकला, कारण त्याची बटणं एकसंध रबराची होती आणि मधे फट नव्हती. धुळीच्या देशांसाठीच केलेला फोन होता तो. २००३ साली आला आणि जगभर २५ कोटींच्या वर खपला. लाईट गेली की सगळ्या कारखान्यात टॉर्च लागायच्या. तुटलेला धागा त्या उजेडात सांधलेला मी लहानपणी पाहिलाय. ताई, तुमच्या समुद्रावर तंतू नसेल, पण मीठ आहे. मिठालाही तो तसाच पुरून उरेल असं मला वाटतं.

निवृत्त रेडिओ ऑफिसर

धागा आवडला, पण मूळ मताशी मी असहमत आहे. तीन मुद्दे.

पहिला विजेचा. आजच्या फोनची बॅटरी पूर्ण भरायला बोटीच्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून दीड-दोन अँपिअर-तास जातात. बोटीवरचा फ्रिज दिवसाला चाळीस-पन्नास खातो. फोन बदलून बचत जवळजवळ शून्य. खरी वीज खातं ते उपग्रहाच्या इंटरनेटचं ताट, म्हणजे डिश अँटेना. पन्नास-साठ वॅटचं ताट दिवसरात्र चालू ठेवलं तर फ्रिजच्या दुप्पट वीज लागते, म्हणून बोटीवरची माणसं ते ठरावीक वेळीच लावतात.

दुसरा नेटवर्कचा. ११०० फक्त टूजीवर चालतो. भारतात टूजी आहे. सिंगापूरने १ एप्रिल २०१७ पासून बंद केलं, ऑस्ट्रेलियातही गेलं. बोट देश बदलत जाते, त्यामुळे फोन एका बंदरात जिवंत आणि पुढच्या बंदरात मुका असं होणार.

तिसरा सुरक्षिततेचा. फोन, जुना असो वा नवा, समुद्रात जीव वाचवायचं साधन नाही. त्यासाठी व्हीएचएफ रेडिओचं, म्हणजे जवळच्या जहाजांशी बोलायच्या रेडिओचं, १६ नंबरचं चॅनल आहे आणि ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब आहे, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत बचाव केंद्राला संकेत पाठवणारं यंत्र. व्हीएचएफवर हाक मारली तर आसपासची सगळी जहाजं एकदम ऐकतात. फोनवर एकच माणूस ऐकतो, आणि तोही रेंज असेल तर.

हिप्परग्याचा नावाडी

ताई, बोट हिप्परगा तलावात आणा. रेंज फुल्ल, आई जवळ, संध्याकाळी कांदाभजी.

शिडाखालची

@नावाडी, बोटीचा तळ पाण्याखाली पावणेदोन मीटर जातो. उन्हाळ्यात तुम्हालाच ढकलायला यावं लागेल.

@नवीपेठकर, बॅटऱ्या काढून टेबलावर फिरवल्या. ६६०० ची गरगर फिरली. बाजूला ठेवली आहे, मनापासून आभार.

@कडक भाकरी, पाण्याचं सविस्तर सांगते, कारण या एका बाबतीत सोलापूरच्या माणसाला बोटीवर काही शिकवावं लागत नाही. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात वाढलेय मी. कुठल्या पिंपात किती आहे ते न बघता सांगता येतं आणि तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत जातं. बोटीवरही हेच. टाक्यांमध्ये चारेकशे लिटर गोडं पाणी. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने, शेवटचा हात गोड्या पाण्याने. नळाला पायाचा पंप आहे, त्यामुळे दाबाल तेवढंच येतं. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र असतं, ते दाबाने पडद्यातून पाणी ढकलतं, पण त्याला वीज लागते आणि गढूळ बंदरात ते चालवत नाहीत. पावसात ताडपत्री लावून पाणी धरतो. यार्डातल्या शेजाऱ्यांना मी बादलीभर पाण्यात अंघोळ करते याचं फार नवल वाटतं.

@निवृत्त रेडिओ ऑफिसर, विजेचा हिशोब बरोबर आहे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. आमचा नकाशा, हवामान, नांगर सरकला तर वाजणारा गजर, फोटो, बँक, सगळं एकाच फोनमध्ये येऊन बसलंय. तो गेला की सगळंच गेलं. दुसरा, वेगळा, फक्त बोलायचा फोन असावा असं मला तीव्रतेने वाटतं.

विशीतला विजापूर रोड

सगळ्यांचा मान राखून लिहितो. जुन्या फोनचं प्रेम कळतं, पण दुसरा फोन हवा तर दुसरा स्मार्टफोन घ्या ना. पाण्यापासून सुरक्षित असे स्वस्त मॉडेल मिळतात. मी एका बोटवाल्यांच्या व्हिडिओत बघितलं, किनाऱ्यापासून लांब असताना ते फोनचा हॉटस्पॉट चालू करतात, पिशवीत घालून शिडाच्या दोरीने डोलकाठीच्या टोकाला चढवतात आणि खाली दुसऱ्या फोनवर इंटरनेट वापरतात. ११०० वर चढवला तर वरच वाजत बसेल, उचलणार कोण?

रत्नागिरीची सून

विजापूर रोड, मुद्दा पटला. :)

रेंजबद्दल भर घालते. जीएसएममध्ये, म्हणजे आपल्या टूजीच्या पद्धतीत, टॉवरपासून साधारण ३५ किलोमीटरची हद्द बांधलेली असते. फोनचा संदेश टॉवरला ठरलेल्या क्षणी पोहोचावा लागतो आणि त्याहून लांबून निघालेला उशिरा पोहोचतो. त्यामुळे सिग्नलची काडी दिसत असूनही फोन लागत नाही असं होऊ शकतं. माझ्या सासरकडच्या मच्छीमारांना कुठल्या खुणेपर्यंत फोन लागतो ते पाठ असतं.

यावर केरळमध्ये गाजलेला अभ्यास झालाय, अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा, २००७ साली प्रसिद्ध झाला. १९९७ नंतर तिथल्या किनाऱ्यावर टॉवर आले आणि समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत फोन लागू लागला. मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांतले भाव विचारू लागले. आधी एका बंदरात गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकून द्यायचे आणि थोड्या अंतरावरच्या बंदरात टंचाई असायची, ते थांबलं. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त झाली. साध्या बटणांच्या फोनने केलं हे सगळं.

पार्क चौक

कमाल माहिती. वाचनखूण साठवली.

अजून एक आठवलं. ३३१५ वर रिंगटोन स्वतः बटणं दाबून बनवायला यायची. आमच्या वर्गातल्या एकाने गड्ड्याच्या यात्रेत ऐकलेलं हलगीचं ठेक्याचं काहीतरी त्यात बसवलं होतं. सूर कुठला आणि ठेका कुठला, पण सगळ्या वर्गाने ती उतरवून घेतली. आणि संक्रांतीला तिळगुळाचे मेसेज आदल्या रात्रीच धाडून द्यायचे, कारण सणाच्या दिवशी फुकट मेसेजची योजना चालत नसे.

इतिहासवेडा

शिडाची बोट आणि संपर्क म्हटल्यावर सुहेली आठवणारच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ही ३२ फुटी बोट आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी लाकडाची. याच बोटीतून त्यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असं करणारे ते पहिले ठरले. वाटेत रेडिओ बंद पडला. नोव्हेंबर १९६८ मध्ये ते न्यूझीलंडजवळ दिसले आणि त्यानंतर थेट एप्रिल १९६९ मध्ये अटलांटिकमध्ये एका तेलवाहू जहाजाला. मधले महिने घरच्यांना काहीही बातमी नाही.

आपल्याकडे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या बोटीतून चार थांबे घेत एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून न थांबता केली. दोघांकडे उपग्रहाचे फोन होते. चाळीस वर्षांत घरच्यांच्या वाट्याचा काळ किती बदलला बघा.

बाळीवेशीची मावशी

मी इथे फारशी लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा जहाजावर आहे. पूर्वी बंदर आलं की फोन यायचा, महिन्यातून एखादा. मला काही वाटायचं नाही. आता जहाजावर इंटरनेट आलंय, तो रोज बोलतो, आणि ज्या दिवशी बोलत नाही त्या दिवशी मी जेवत नाही. आधी महिनाभर धीर धरणारी मी आता चोवीस तास धरू शकत नाही. सोय वाढली तशी माझी काळजीही वाढली.

शिडाखालची, बाळा, तुझ्या आईला रोजचा फोन नको आहे. तिला आधी सांग की अमुक दिवस फोन येणार नाही, आणि अमुक दिवसापर्यंत आला नाही तरी घाबरायचं नाही. तुझ्या बाबांच्या दोन रिंगांवर ती निर्धास्त राहायची, कारण गाडी दादरला किती वाजता पोहोचते ते तिला माहीत होतं. नुसत्या रिंगांनी काय होतं?

अशोक चौक

मावशी, नमस्कार करतो तुम्हाला.

निवृत्त रेडिओ ऑफिसर

मावशींनी नेमकं सांगितलं, आणि धंद्याच्या भाषेतही हेच आहे. निघण्याआधी घरच्या एका माणसाकडे कागद द्यायचा. त्यात बोटीचं नाव, रंग, शिडाचा आकार, निघण्याची तारीख, वाट, पोहोचण्याचा अंदाज, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या तारखेनंतर कुणाला फोन करायचा ते. शिडाच्या बोटीला वारा पडला की दोन-तीन दिवस सहज जास्त लागतात, म्हणून काळजीची तारीख ऐसपैस ठेवायची. आपल्या तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे, तोही त्या कागदावर लिहा.

आता ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते. ईपर्ब नोंदवताना घरचे संपर्क क्रमांक द्यावे लागतात. संकेत आला की बचाव केंद्र त्या क्रमांकांवर फोन करून विचारतं की बोट खरंच समुद्रात आहे का, त्यावर माणसं किती. तो फोन उचलला गेला तर शोधाला नेमकी माहिती मिळते. म्हणजे तुमच्या सफरीतला सगळ्यात महत्त्वाचा मोबाईल सोलापुरात असणार आहे, बोटीवर नाही. तो सदैव चार्ज असलेला, सदैव चालू आणि अनोळखी नंबरही उचलणारा हवा. इथे मात्र मी तुमच्या बाजूने येतो. या कामाला बटणांचा फोन उत्तम.

उपग्रहाचं संदेशयंत्र घेणार असाल तर एक इशारा. थुराया आणि इरिडियम या उपग्रह सेवांची साधनं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. विमानाने येताना ते बॅगेत आणू नका, परदेशी प्रवाशांना विमानतळावर अटक झालेली आहे. कोचीत बोट नेताना आधी एजंटाशी बोला, यंत्र जाहीर करा आणि परवानगी नसेल तर भारताच्या हद्दीत ते बंद.

विशीतला विजापूर रोड

ईपर्बच्या नंबरचं हे माहीतच नव्हतं. माझ्या मावसभावाने नुकतंच जहाजावर काम धरलंय, त्याच्या घरीही हे सांगतो.

शिडाखालची

दोन दिवसांनी धागा वर काढते आहे. मावशींचा आणि रेडिओ ऑफिसरांचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्या मावशींना घरी बोलव."

ठरलं ते असं. बोटीवर आमचं उपग्रहाचं संदेशयंत्र आहे, ते लंकावीतच ठेवून आलो आहोत. त्यावर आधीच लिहून ठेवलेले तीन ठरावीक संदेश पाठवता येतात. एका संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा आहे, जुन्या एसएमएसएवढीच. आमचे तीन: 'निघालो', 'वाटेत ठीक', 'नांगर टाकला'. वाटेतला संदेश एक दिवसाआड, संध्याकाळी. तो भावाला ई-मेलने जाईल आणि भाऊ आईला दोन रिंगा देईल. आई उचलणार नाही. दोन रिंगांच्या पलीकडे वाजला तर मात्र उचलायचा. सलग तीन वेळा संदेश आला नाही तर यंत्र बिघडलं असं समजायचं आणि कागदावरच्या तारखेपर्यंत थांबायचं. ती तारीख आईनेच ठरवली, माझ्या अंदाजाच्या पुढे आठ दिवस. मला वाटलं होतं ती अलीकडची मागेल.

ईपर्बच्या नोंदीत पहिला नंबर भावाचा आणि दुसरा आईचा घातला. आईच्या टचस्क्रीनच्या फोनवर रिंग कधी बंद होते ते तिलाच कळत नाही, म्हणून तिच्यासाठी बटणांचा फोन घ्यायचा आहे. बाबांचा ११०० बोटीवर नेणार नाही, तो तिच्याकडेच राहील.

@नवीपेठकर, ११०० ला नवी बॅटरी घालून तो चालेल का, की दोन सिमचा आणि फोरजीवर चालणारा नवा साधा फोन घ्यावा? पुढेमागे इथलंही टूजी गेलं तर?

नवीपेठकर

फोरजीचा बटणांचा घ्या ताई, पुढची चिंता नको. घेताना दुकानातच रिंग वाजवून आईंना मागच्या खोलीतून ऐकू येईल एवढी मोठी आहे का ते बघा, आणि बॅटरी निघते का तेही. नको असलेले नंबर अडवायची सोय त्यात असली तर ती बंद ठेवा, नाहीतर बचाव केंद्राचा फोन तिथेच अडकायचा. ११०० पण घेऊन या. नवी बॅटरी घालून चालू करून देतो, बाबांचे जुने मेसेज फोनच्या मेमरीत असतील तर दिसतील. पन्नासच मावायचे त्यात, त्यामुळे जे ठेवलेत ते निवडून ठेवलेले असणार. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या.